‘मे आय कम इन?’ न विचारणारी लाइन

सॅग टेम्प्लेट म्हणजे काय? (दोन मार्क.)

घाबरू नका मंडळी, वायवा सुरू झालेला नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांना उत्तर पाठ असेल, पण हे मासिक मेकॅनिकल-सिव्हिलवालेही मेसच्या रांगेत उभ्या उभ्या चाळतात, म्हणून सांगते. दोन टॉवरमधली तार कितीही ताणली तरी सरळ राहत नाही, झोळीसारखी लोंबते. ती किती लोंबेल त्याचा वक्र एका पारदर्शक शीटवर काढतात आणि जमिनीच्या चढ-उताराच्या नकाशावर ती शीट सरकवत सरकवत टॉवर कुठे कुठे उभे करायचे ते ठरवतात. ४०० केव्हीची तार सगळ्यात खाली लोंबते तिथेसुद्धा जमिनीपासून ८.८४ मीटर वर हवी. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो, पण परीक्षेत अजून टेम्प्लेटच विचारतात. आपला सिलॅबस काही बाबतीत फार निष्ठावान आहे!

तर त्या चढ-उताराच्या नकाशावर पुस्तकात काय काय दाखवलेलं असतं? टेकडी, नदी, रेल्वे, हायवे, आडवी जाणारी दुसरी लाइन. शेत नसतं, विहीर नसते, कांद्याची चाळ नसते, आणि त्या शेताचा मालक तर नसतोच. मला या लेखात त्या मालकाबद्दल बोलायचंय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे नवी ट्रान्समिशन लाइन आखताना ज्यांच्या जमिनीवरून ती जाणार त्यांना विचारत नाहीत, कळवतात. आणि कळवतात तेही सगळं ठरून झाल्यावर. हे निर्दय आहे म्हणून वाईट, हे तर कुणीही सांगेल. मला ते कच्चं इंजिनीअरिंग वाटतं, आणि त्यावर आपल्या कॉलेजात तरी बोलणं व्हावं.

आधी एक गोष्ट साफ करून टाकते, नाहीतर बॉईज होस्टेलमधून लगेच आवाज येईल की ‘आली पर्यावरणवाली!’ मी लाइनच्या विरोधात नाही. मी ठाण्याची. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट गेली. मी दहावीत होते, ऑनलाइन वर्ग चालू होता, एकदम स्क्रीनवरच्या बाई गायब. आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या. पण लोकल जागच्या जागी थांबल्या आणि कोविडच्या दिवसांत हॉस्पिटलं जनरेटरवर आली, तेव्हा टाळ्या थांबल्या. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या लाइन मोजक्या. त्यातल्या एकामागून एक बंद पडल्या की शहर अंधारात. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची लाइन त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर होती. ती सुरू झाली ऑक्टोबर २०२३मध्ये. म्हणजे लाइन वेळेवर न होण्याची किंमत काय असते ते मी पुस्तकातून शिकलेले नाही.

आणि लाइन तर आता भरपूर होणार आहेत. राजस्थान-गुजरातचं ऊन आणि वारा शहरांपर्यंत आणायचा तर दुसरा मार्ग नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने राष्ट्रीय पारेषण आराखडा जाहीर केला. त्यात देशातलं २२० केव्ही आणि त्यावरचं जाळं ४.८५ लाख सर्किट किलोमीटरवरून २०३२पर्यंत ६.४८ लाखांवर न्यायचं ठरलंय. वजाबाकी करा. दीड लाखाच्या वर सर्किट किलोमीटर, आठ वर्षांत. यातली बरीचशी कुणाच्या ना कुणाच्या बांधावरून, बागेवरून, छपरालगतून जाणार. आणि ती उभी करायला आपल्यातलेच बरेच जण नोकरीला जाणार!

आता कायदा काय म्हणतो ते बघा. मला हे वाचताना हसू आलं आणि मग हसू गेलं. वीज कायदा २००३चा. त्याच्या कलम १६४ने सरकार लाइन टाकणाऱ्याला तार खात्याचे अधिकार देऊ शकतं. कुठल्या तार खात्याचे? तर भारतीय तार कायदा, १८८५. ज्या साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्या सालचा. तेव्हा प्रश्न होता रस्त्याकडेच्या टेलिग्राफच्या बारक्या खांबांचा. त्या कायद्याचं कलम १० म्हणतं, खात्याने कुणाच्याही जमिनीत खांब रोवावा, वरून तार न्यावी. जमीन विकत घ्यायची गरज नाही, मालकी मालकाचीच, खात्याला फक्त वापरहक्क. नुकसान होता होईल तो कमी करावं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. कुणी आडवं आलं तर कलम १६प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी हुकूम काढतात. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जा. ‘आधी विचारा’ असं त्या कलमांत कुठे आहे का, म्हणून मी दोनदा वाचलं. नाही.

देशातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. २०२३च्या दूरसंचार कायद्याने १८८५चा कायदासुद्धा रद्द करायचं ठरवलं, पण जाता जाता त्यात लिहून ठेवलं की याचा तिसरा भाग विजेच्या लाइनसाठी चालूच राहील. तार गेली, तिचा अधिकार टॉवरला वारसाने मिळाला.

दुसरं दार पर्यावरणाचं. खाण, धरण, सिमेंटचा कारखाना काढायचा तर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि बहुतेक वेळा जनसुनावणी होते, लोक माईकवर येऊन बोलतात. ट्रान्समिशन लाइन त्या यादीतच नाही. जंगलातून गेली तर वनखात्याची परवानगी, अभयारण्यातून गेली तर वन्यजीव मंडळाची. शेतातून गेली तर? शेताचं मंडळ नाही.

आम्ही कॉन्व्हेंटवाल्या. पहिलीपासून एक वाक्य अंगात मुरवलेलं : वर्गाच्या दाराशी थांबायचं, ‘मे आय कम इन?’ म्हणायचं, आणि ‘येस’ येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. सिस्टर स्वतः लहान मुलांच्या वर्गात येतानासुद्धा दारावर टकटक करत. त्याचा अर्थ तेव्हा शिस्त एवढाच वाटायचा...

कॉन्व्हेंटचा आणखी एक उपयोग म्हणजे नात्यागोत्यात कुठेही इंग्रजी कागद आला की फोन मला येतो. २०२४च्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत मामाचा आला. निफाडच्या बाजूला त्याची तीन एकर द्राक्षबाग आहे. “अगं, तू इलेक्ट्रिकलची ना? हा कागद वाच बरं. तलाठ्यालाही धड सांगता येईना.” व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. इंग्रजीत एक पान, खाली मराठी गोल शिक्का. कलम १६४, कलम १०, मामाचा गट नंबर, आणि ‘सहकार्य करावे’ अशा अर्थाचं शेवटचं वाक्य. नकाशा नाही. टॉवर कुठे येणार ते नाही. भरपाईचा आकडा नाही. कुणाला फोन करायचा त्याचं नाव नाही. मी फोनवर मराठी करून सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे इचारलंय का सांगितलंय?”

दिवाळीत गेले तेव्हा बागेत लाल रंगाचे खुंटे ठोकलेले होते. टॉवरचे चार पाय बरोबर मधल्या मांडवात. आखणी करणारा मुलगा तेविसेक वर्षांचा, आपल्यासारख्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी पास झालेला. मामीने त्याला पोहे दिले. तोही बिचारा “काकू, राहू द्या” म्हणत खाली मान घालून खात होता. मामाने त्याला तीन प्रश्न विचारले. टॉवर तीस मीटर पुढे बांधावर घेता येईल का? मांडवाच्या लोखंडी तारांत करंट उतरेल का? आणि बाईमाणसं, मजूर खाली दिवसभर काम करणार, त्यांना काही होईल का? तो म्हणाला, “काका, डिझाइन वरून फायनल होऊन आलंय. मी फक्त पॉइंट दाखवायला आलोय.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

कारण ते तीनही प्रश्न आपल्या विषयाचे आहेत. पहिलाच घ्या. टॉवर लाइनच्या डावी-उजवीकडे सरकवायचा म्हटलं तर लाइन वळते. वळण आलं की साधा टॉवर चालत नाही, कोनाचा जड टॉवर लागतो, पोलाद वाढतं, पाया वाढतो. तिथे कंपनीने ‘नाही’ म्हटलं तर मला समजतं. पण मामा मागत होता लाइनच्याच रेषेत पुढे. जानेवारीत आमचं सॅगचं प्रकरण शिकवून झालं आणि मी होस्टेलवर बसून गणित केलं. चारशे मीटरचा गाळा चारशे तीस झाला, पलीकडचा तीनशे सत्तर. ताण तोच ठेवला तर सॅग गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा आधी १२ मीटर होता, तो झाला सुमारे १३.९. म्हणजे तार दोनेक मीटर खाली आली. टॉवरला तीन मीटरचं एक्स्टेंशन जोडलं की झालं. असे तुकडे डिझाइनमध्ये आधीपासून ठेवलेलेच असतात. अर्थात वाऱ्याचा आणि वजनाचा भार तपासावा लागेल, शेजारच्या टॉवरचाही. पण हे सगळं खुंटे ठोकायच्या आधी अर्ध्या तासाचं काम आहे. त्या मुलाला मी फोन केला. “मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण प्रोफाइल अप्रूव्ह झालंय. आता बदल म्हणजे परत सगळ्यांच्या सह्या.” एप्रिलमध्ये, खुडा संपल्यावर, पाया खणला गेला. मधल्या मांडवातच.

दुसरा प्रश्न मांडवाच्या तारांचा. लाइनला समांतर लांबच लांब जाणारी, जमिनीपासून सुटी असलेली कुठलीही तार या लाइनखाली थोडाफार व्होल्टेज पकडते. कुंपण पकडतं, गाडीचा पत्रा पकडतो, तसंच मांडवही. उपाय अगदी स्वस्त आहे. तारा ठरावीक अंतरावर अर्थ करायच्या. पण हे शेतकऱ्याला कुणीतरी सांगायला नको? तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. तारेखाली जमिनीलगत विद्युत क्षेत्र किती, चुंबकीय क्षेत्र किती, जगात त्याच्या मर्यादा किती धरतात, हे मोजता येतं आणि दाखवता येतं. एक मीटर घेऊन या, मामीच्या हातात द्या, आकडा वाचून दाखवा. ते कुणी करत नाही, म्हणून मग गावात बातमी फिरते की लाइनखाली गाय गाभण राहत नाही. अफवेला आपण हसतो, पण उत्तर द्यायला कुणी आलं नाही तर गावाने तरी काय करायचं?

इथे कुणीतरी म्हणेल, पैसे मिळाले ना! हो, पैशाचा भाग सुधारलाय, तेही सांगायला हवं. २०१५च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४मध्ये ते २०० टक्के आणि ३० टक्के झाले. मार्च २०२५मध्ये शहरांतल्या पट्ट्याचे दर आणखी वाढवले. दोनशे टक्के ऐकायला छान वाटतं. पण मामाच्या बागेत पाय धरून जागा साधारण १५ बाय १५ मीटर, म्हणजे सव्वादोन गुंठे. आणि तारेखालचा पट्टा? ४०० केव्हीला ४६ मीटर रुंद धरतात. बागेतून तो १३० मीटर जातो. गुणाकार केला तर एकोणसाठ गुंठे, जवळजवळ दीड एकर. दोनशे टक्के सव्वादोन गुंठ्यांना, तीस टक्के दीड एकराला. द्राक्षं लावता येतील, पण त्या पट्ट्यात घर बांधता येणार नाही, उंच झाड लावता येणार नाही, आणि उद्या मामेभावाला त्यातला तुकडा विकायचा झाला तर गिऱ्हाईक आधी वर बघणार. शिवाय ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. राज्यांनी स्वीकारून राबवायची. वेलींचे पैसे मामाला मिळाले. पट्ट्याच्या पैशांची फाइल अजून कचेरीत आहे.

पण मामाचं दुःख पैशाचं कमी आणि टॉवर मधल्या मांडवात आल्याचं जास्त आहे. ट्रॅक्टर वळवायला जागा उरली नाही. फवारणीचा ब्लोअर दोन्ही बाजूंनी उलटा काढावा लागतो. तीस मीटर पुढे बांध होता, आणि बांधापलीकडचे शेतकरी अर्धी जागा द्यायला तयार होते. हे एका संध्याकाळी पारावर बसून ठरलं असतं.

आता मोठं उदाहरण. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती जवळजवळ नाहीच, सगळी वीज बाहेरून येते. ती वाढवायला गोवा-तमनार प्रकल्प आखला गेला, तमनार छत्तीसगडमधलं. २०१८ साली तो खासगी कंपनीच्या हाती आला. धारवाडकडून ४०० केव्हीची लाइन पश्चिम घाट उतरून गोव्यात यायची, आणि मोलेजवळ सांगोडला सबस्टेशन. वाटेत भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान. एप्रिल २०२०मध्ये, अख्खा देश घरात कोंडलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठक घेऊन मंजुरीची शिफारस केली. त्याच जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ आणि हायवेचं रुंदीकरणही जाणार होतं. मग गोव्यातली पोरं उठली : विद्यार्थी, चित्रकार, वकील, शास्त्रज्ञ. ‘आमचें मोलें’ असं नाव घेऊन. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१च्या अहवालात लाइनबद्दल काय सुचवलं असेल? अगदी साधी गोष्ट. जंगलातून २२० केव्हीच्या जुन्या लाइनचा पट्टा आधीच मोकळा केलेला आहे, नवी लाइन त्याच पट्ट्यातून न्या. नवा पट्टा कापू नका. २०२२मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की जुना पट्टा कुणी शोधून काढलेला नव्हता. तो तिथे होताच, लोकांना दिसत होता. सुरुवातीलाच लोकांसमोर दोन-तीन मार्ग ठेवून चर्चा केली असती तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी बोट दाखवून म्हणालं असतं, “अहो, ती जुनी लाइन आहे ना!” त्याऐवजी ते सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला सांगावं लागलं. वेळ वाचावा म्हणून ज्यांना विचारलं नाही त्यांनीच मग वर्षं घेतली, आणि त्यांच्यावर विकास अडवल्याचा ठपकाही आला.

आमच्या मजल्यावर यावर दोन रात्री वाद झाला (सबमिशन दुसऱ्या दिवशी असूनही). माझी रूममेट सिव्हिलची, तिचे वडील रस्त्यांची कामं घेतात. ती म्हणाली, “विचारत बसलं तर जर्मनीसारखं होईल.” मुद्दा चांगला आहे, टाळून चालणार नाही. जर्मनीत उत्तरेकडची वाऱ्याची वीज दक्षिणेला आणायला सुडलिंक नावाची सुमारे ७०० किलोमीटरची लाइन ठरली, ४००० मेगावॅटची. लोकांनी उंच टॉवरना कडाडून विरोध केला. २०१५मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून अशा लाइनसाठी जमिनीखालच्या केबलला प्राधान्य दिलं. खर्च भरमसाट वाढला. २०२२ची मुदत गेली, आता २०२८ म्हणतात. म्हणजे विचारणंही फुकट नाही.

पण तिथली एक रीत मला उचलण्यासारखी वाटते. ते आधी रेषा आखत नाहीत. आधी एक किलोमीटर रुंदीचा पट्टा लोकांपुढे मांडतात, तोही पर्यायांसकट. त्यावर गावं, शेतकरी, नगरपालिका लेखी सूचना देतात, त्यांची नोंद होते, आणि मग पट्ट्याच्या आत रेषा बसवतात. केबल जमिनीखाली घालणं आपल्याला परवडणार नाही हे मान्य, ४०० केव्हीला तर नाहीच. पण एक किलोमीटरचा पट्टा आधी दाखवायला कागदाखेरीज काय खर्च आहे?

आणि आपल्याकडे पर्याय नसतात असंही नाही! आंतरराज्य लाइनचं टेंडर निघायच्या आधी एक सर्वेक्षण अहवाल तयार होतो आणि त्यात तीन पर्यायी मार्ग दाखवलेले असतात. ते बोली लावणाऱ्या कंपन्यांना मिळतात. कंपनी नंतर स्वतःचा सर्व्हे करते, सगळ्यात कमी वार्षिक भाडं मागणारी जिंकते, आणि मग घड्याळ सुरू होतं. उशीर झाला की दंड. त्या घड्याळाखाली सर्व्हे करणारा पोरगा मामाच्या बागेत येतो. तेव्हा त्याने कुणाचं ऐकायचं आणि कधी? म्हणून माझं म्हणणं असं की विचारायचं काम टेंडरच्या आधीच झालं पाहिजे. ते तीन मार्ग गट नंबरांसह, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागू देत. ग्रामसभेत असा इंजिनीअर येऊ दे की ज्याला रेषा हलवायचा अधिकार आहे. ‘नाही’ म्हणायचं असेल तर त्याने का नाही ते लेखी द्यावं. मामाला ‘नाही’ पचलं असतं. कारण न दिलेलं ‘नाही’ पचत नाही.

रूममेटने लगेच दुसरा फासा टाकला. “आधी नकाशा लावला की रातोरात त्या पट्ट्यात डाळिंबं आणि शेड उभ्या राहतील, भरपाईसाठी. मी बघितलंय रस्त्याच्या कामात.” खरं आहे. आपण भाबडं असून उपयोग नाही. पण आज ड्रोनने एका दिवसात अख्ख्या पट्ट्याचे फोटो निघतात. नकाशा लावायच्या आदल्या दिवसाचे फोटो हाच पुरावा. त्यानंतरच्या डाळिंबाला पैसे नाहीत, संपलं.

याहून अवघड गोष्ट दुसरी आहे आणि तिचं उत्तर मला नीट सुचलेलं नाही. ग्रामसभेत बोलतं कोण? सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ज्यांचे फोन उचलले जातात ते. त्यांनी रेषा आपल्या बागेवरून ढकलली तर ती जाणार कुठे? गावकुसाबाहेरच्या वस्तीवर, गायरानावर, ज्याच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे त्याच्या तुकड्यावर. मामाला तरी इंग्रजी वाचणारी भाची होती. तिथे नुसती सभा घेऊन भागणार नाही. त्या त्या घरी जाऊन विचारावं लागेल, आणि रेषा हलली तर ती कुणाच्या अंगावर गेली हेही नकाशावर दाखवावं लागेल.

राहता राहिलो आपण. पॉवर सिस्टिमच्या पुस्तकात कोरोनावर पूर्ण प्रकरण आहे (व्हायरस नव्हे, फर्स्ट इयरच्या मुलांनो, पावसात लाइन चरचरते तो), इन्सुलेटरवर प्रकरण आहे, सॅगवर आहे. राइट ऑफ वे या विषयावर साडेतीन ओळी. सरांना मी विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, “ते साइटवर गेलं की कळतं.” साइटवर गेल्यावर काय कळतं ते मी त्या पोहे खाणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. पुढच्या वर्षी याच कंपन्या आपल्या कॅम्पसला येतील. पॅकेज बरं असतं आणि मी बसणार आहे, आधीच सांगून ठेवते. इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं विचारतात. मी विचारणार आहे की साइट इंजिनीअरला टॉवर रेषेतल्या रेषेत किती मीटर हलवायचा अधिकार तुम्ही देता? सीनियर म्हणतात, असलं विचारू नकोस. बघू.

तोवर एक छोटं काम आहे. मामाच्या बागेवरून तारा ओढून झाल्या आहेत, पण लाइन अजून चार्ज झालेली नाही. त्याआधी मांडवाच्या तारांना अर्थिंग करून घ्यायचंय, आणि चार्ज झाल्यावर बांधाशी उभं राहून मामीसमोर क्षेत्र मोजून दाखवायचंय. सरांनी डिपार्टमेंटचा अर्थ टेस्टर द्यायचं कबूल केलंय आणि स्वतः बरोबर येतो म्हणालेत. शेजारच्या चार बागांतूनही बोलावणं आलंय, त्यामुळे हात कमी पडतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी गर्ल्स होस्टेलच्या रेक्टर मॅडमकडे नाव द्या. मॅकेनिकलवालेही चालतील, खड्डे खणायचे आहेत. जेवण मामीकडे. द्राक्षं हंगाम असेल तरच.